दुपारी दोनला बंद पडणारा एसी: गॅस, कॉम्प्रेसर की आणखी काही?

माळरान | १६ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. आम्ही अकोल्यात राहतो. तिसरा आणि सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर थेट स्लॅब. वडील ७८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, त्यांना स्वतःहून कूस बदलता येत नाही. त्यांच्या खोलीत दीड टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट एसी आहे, चार वर्षं जुना, आर-३२ गॅसचा. मागचे तीन उन्हाळे काही तक्रार नव्हती.

यंदा मे लागल्यापासून रोज तेच चाललंय. सकाळी व्यवस्थित गार करतो. दुपारी दोन-सव्वादोन झाले की आतून नुसता वारा येतो, बाहेरच्या युनिटचा आवाज थांबतो आणि इनडोअरचा दिवा लुकलुकायला लागतो. अर्ध्या तासाने आपोआप सुरू होतो, वीस मिनिटं चालतो, परत बंद. संध्याकाळी सातनंतर मात्र रात्रभर छान चालतो.

७ तारखेला मेकॅनिक आला. गॅस कमी आहे म्हणाला, भरून गेला, २८०० रुपये घेतले. पाच-सहा दिवस बरे गेले. १३ तारखेपासून पुन्हा तेच. परवा दुसऱ्याला बोलावलं, तो म्हणतो कॉम्प्रेसर गेला, बदलावा लागेल, नाहीतर नवा एसी घ्या. आज दुपारी एसी बंद पडल्यावर मी बाहेरच्या युनिटच्या पत्र्याला हात लावून बघितला. दोन सेकंदही ठेवता आला नाही. वडिलांच्या अंगावर ओला पंचा टाकून पुठ्ठ्याने वारा घालत बसले होते. खर्च करायला मी तयार आहे, पण कशावर करायचा ते कळत नाहीये.

कडुनिंब | १६ मे, रात्री १०:४८

ताई, एसीचं जाणकार सांगतीलच, आधी बाबांचं बघू. दुपारी १ ते ६ त्यांना खालच्या मजल्यावर कोणाकडे हलवता येईल का? वरच्या मजल्यावरची खोली आणि तळमजल्यावरची खोली यात या दिवसांत फार फरक असतो. ते शक्य नसेल तर एसी बंद पडला की खिडकी उघडून कुलर लावा. आपल्याकडची हवा कोरडी आहे, वाळ्याच्या ताट्यांचा कुलर मे महिन्यात उत्तम चालतो. एसी आणि कुलर एकत्र मात्र लावू नका, कुलरने हवेत टाकलेलं पाणी काढण्यातच एसीची शक्ती जाते. आणि बाबांना तहान सांगता येत नसेल तर घड्याळ लावून पाणी पाजा.

कॉइलवाला | १६ मे, रात्री ११:३०

नागपुरात २२ वर्षं फ्रीज-एसीचं काम करतो. कॉम्प्रेसर बदलू नका, निदान आज तरी नाही. ज्याचा कॉम्प्रेसर गेला तो मशीन रात्रभर छान चालत नाही.

एवढं सांगा:
आउटडोअर नेमकं कुठे बसवलंय? त्याच्या मागे किती जागा आणि समोर काय?
तीन उन्हाळे ठीक चाललं, मग मधल्या काळात ते हलवलं होतं का?
पहिल्या मेकॅनिकने गॅस वजनकाट्यावर मोजून भरला की नुसतं दाब दाखवणारं गेज बघून? भरायच्या आधी गळती कुठे आहे ते दाखवलं का?
आणि ८ ते १२ मे या दिवसांत अकोल्यात हवा कशी होती?

माळरान | १७ मे, सकाळी ७:०५

तुमचा शेवटचा प्रश्न वाचला आणि रात्री झोप लागली नाही. ८ तारखेला अवकाळी पाऊस झाला होता, पुढचे चार दिवस आभाळ होतं. म्हणजे ते पाच-सहा दिवस गॅसमुळे बरे गेले नव्हते!

आउटडोअर आधी बाहेरच्या भिंतीला लोखंडी स्टँडवर होतं. दिवाळीच्या आधी इमारतीला रंग दिला तेव्हा सगळ्यांची युनिटं काढली. परत बसवताना आमचं मागच्या गॅलरीत ठेवलं, दुरुस्तीला सोपं जाईल म्हणून. गॅलरी साधारण दहा फूट लांब, चार फूट रुंद. कबुतरं येतात म्हणून जानेवारीत तिला सरकत्या काचा बसवल्या. दोन काचा अर्ध्या उघड्या ठेवतो. युनिटची पाठ भिंतीपासून चार बोटं, समोर अडीच फुटांवर वॉशिंग मशीन. गॅस गेज बघूनच भरला, काटा नव्हता. गळती दाखवली नाही. युनिटच्या पाठीमागे टॉर्च मारला तर जाळीवर करड्या रंगाचा नमदा बसावा तसा थर आहे, त्यात कबुतरांची पिसं.

कॉइलवाला | १७ मे, सकाळी ९:४०

ताई, तुमचा मशीन ठणठणीत आहे. त्याला श्वास मिळत नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार मी मे महिन्यात रोज दोन-तीन घरी बघतो आणि बहुतेक ठिकाणी माझ्या आधी कोणीतरी गॅस भरून गेलेला असतो.

एसी गारवा तयार करत नाही, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. दीड टन म्हणजे साधारण ५.२ किलोवॅट उष्णता खोलीतून निघते. कॉम्प्रेसर चालवायला जी वीज लागते तीही शेवटी उष्णताच होते, तिची दीडेक किलोवॅट धरा. म्हणजे बाहेरच्या युनिटला पावणेसात-सात किलोवॅट उष्णता हवेत फेकायची असते. २ किलोवॅटचे साडेतीन गीझर तुमच्या त्या बंद गॅलरीत चालू ठेवल्यासारखं आहे हे.

उष्णता नेहमी जास्त तापलेल्याकडून कमी तापलेल्याकडे जाते. बाहेर ४५ अंश असेल तर आउटडोअरच्या कॉइलमधला (जाळीतल्या नळ्यांच्या वेटोळ्यातला) गॅस त्याहून दहा-पंधरा अंश तरी जास्त तापलेला लागतो, तेव्हा कुठे ती उष्णता हवेत जाते. त्यासाठी कॉम्प्रेसरला गॅस जास्त दाबावा लागतो. आर-३२ ला ५० अंशांवर द्रव व्हायला साधारण ३१ बार दाब लागतो, ६० अंशांवर ३९ च्या वर. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतो, त्यावरून अंदाज करा. आणि ७८ अंशांच्या पुढे तर हा गॅस कितीही दाबला तरी द्रव होत नाही.

आता तुमची गॅलरी. युनिटने फेकलेली गरम हवा वॉशिंग मशीनवर आपटते, काचेवर आपटते आणि वळून परत पाठीमागून आत ओढली जाते. बाहेर ४४ असलं तरी युनिटला मिळणारी हवा ५५ ची असू शकते. वर जाळीवर धुळीचा थर. दाब चढत जातो, कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारा पाइप १०० च्या पुढे तापतो. त्या पाइपवर सेन्सर असतो. तो ११०च्या आसपास पोचला की कार्ड (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) आधी कॉम्प्रेसरचा वेग कमी करतं, म्हणजे तुम्हाला नुसता वारा लागतो, आणि तरी भागलं नाही तर बंद करतं. अर्ध्या तासात निवतो, परत चालू. तुमचं दुपारी दोनचं कोडं एवढंच आहे. मशीन स्वतःला जळू देत नाहीये, हे चांगलं लक्षण आहे.

आता गॅसबद्दल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद नळीत तोच तो फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहेच, बहुतेक वेळा फ्लेअर नटच्या (नळ्या जोडणाऱ्या नटच्या) जोडावर, आणि तिथे तेलाचा ओशट डाग दिसतो. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. कमी गॅसनेही कॉम्प्रेसर तापतो हे खरं आहे, कारण परत येणारा गार गॅसच त्याच्या मोटरला थंड ठेवतो. पण तसं असतं तर सकाळीही गारवा कमी वाटला असता. तुमच्याकडे सकाळी ठीक आहे. मला भीती उलटी वाटते. गेज बघून इन्व्हर्टर मशीनमध्ये गॅस भरला म्हणजे बहुधा जास्त भरला गेला आहे. इन्व्हर्टरचा वेग सतत बदलतो, दाबही बदलतो, गेजवरून काही कळत नाही. आउटडोअरच्या पाटीवर गॅस किती ग्रॅम ते छापलेलं असतं, तेवढाच काट्यावर मोजून भरायचा. जास्तीचा गॅस द्रव होऊन कॉइलमध्ये तुंबतो, उष्णता टाकायला मोकळी कॉइल कमी उरते आणि दाब आणखी चढतो.

करायचं काय: युनिट गॅलरीतून बाहेर काढा. तोवर आजच्या आज वॉशिंग मशीन सरकवा, काचा दुपारी पूर्ण उघडा आणि मेन स्विच बंद करून जाळी साफ करून घ्या. आधी कोरड्या मऊ ब्रशने, पात्यांच्या उभ्या दिशेने. मग साध्या पाइपने, आतून बाहेर. जोराचा फवारा मारला तर अॅल्युमिनियमची पाती मिटतात आणि वाट कायमची बंद होते.

वीजतंत्री | १७ मे, सकाळी ११:१५

कॉइलवाला यांनी मुख्य कारण सांगितलंच आहे. विजेची बाजूही तपासून घ्या. दुपारी सगळ्या गल्लीचे एसी-कुलर एकाच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) चालू असतात, व्होल्टेज पडतं. १५०० वॅट खेचणारं इन्व्हर्टर मशीन २३० व्होल्टला साडेसहा अँपिअर घेतं. १८५ व्होल्टला तेवढंच काम करायला आठच्या वर घेतं. वायरमधली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. कार्डालाही तो ताण बसतो आणि ते कार्ड त्याच तापलेल्या आउटडोअरमध्ये बसलेलं असतं.

एसी दोन तास चालल्यावर मेन बंद करून प्लगला हाताने चाचपून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल किंवा सॉकेटभोवती पिवळट-तपकिरी झाक आली असेल तर आजच वायरमन बोलवा. सैल पकड हेच बहुतेक वेळा कारण असतं. एसीच्या लाइनवर मधे कुठेही टेप गुंडाळलेला जोड नको आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर अजिबात नको. आम्ही एका घरी गेलो होतो, तिथे सॉकेट भिंतीच्या आतल्या बाजूने कोळसा झालं होतं आणि घरच्यांना आठवडाभर फक्त ‘प्लास्टिकसारखा वास’ येत होता.

सांजवेळ | १७ मे, दुपारी १:५०

मुंबईत तापमान ४५ ला जात नाही, तरी आमच्याकडे हेच झालं. आमची इमारत १४ मजली आहे. सगळ्यांची आउटडोअर एकाच अरुंद डक्टमध्ये, एकावर एक. खालच्यांची गरम हवा वर चढते आणि वरच्यांच्या युनिटला तीच ओढावी लागते. अकराव्या मजल्याच्या वरचे सगळे मे महिन्यात मेकॅनिक बोलवायचे, पहिल्या चार मजल्यांवर एकही तक्रार नाही. दोन वर्षं प्रत्येक घराने आपापला गॅस भरला. सोसायटीच्या सभेत मजल्यांप्रमाणे तक्रारी लिहून काढल्या तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं. शेवटी वरच्या पाच मजल्यांना बाहेरच्या बाजूला स्टँड लावायची परवानगी दिली.

रानजाई | १७ मे, दुपारी ३:१०

किनाऱ्यावरच्यांसाठी एक भर घालते. आम्ही रत्नागिरीत, समुद्र अर्ध्या किलोमीटरवर. आमच्याकडे जाळी धुळीने बुजत नाही, खारट वाऱ्याने खाल्ली जाते. पाचव्या वर्षी पातीला बोट लावलं तर पांढरी भुकटी हाताला आली. पाती तांब्याच्या नळीपासून सुटली की उष्णता नळीतच अडकते, वरून मशीन नवं दिसत असलं तरी. दर दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने नुसतं धुतलं तरी कॉइल जास्त टिकते. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते वापरू नका.

पांढरीमाती | १७ मे, सायंकाळी ५:२५

आमच्याकडे चंद्रपूरला सगळे आउटडोअरवर ओलं गोणपाट टाकतात, काही जण कुलरची ताटी मागे बांधून त्यावर पाण्याची नळी सोडतात. एसी लगेच गार करायला लागतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माळरान ताईंनी तेच करावं, शिफ्टिंगचा खर्च कशाला?

कॉइलवाला | १७ मे, रात्री ९:०५

पांढरीमाती भाऊ, लगेच फरक पडतो हे खरं आहे. कोरड्या हवेत पाणी उडालं की हवा दहा अंशांनी सहज उतरते. पण दोन गोष्टी होतात. गोणपाट किंवा जाड ताटी चिकटून बांधली की हवेची वाटच अडते. गोणपाट ओलं आहे तोवर ठीक, तासाभरात वाळलं की युनिटला गोधडी पांघरल्यासारखं. दुसरं म्हणजे आपलं बोअरचं पाणी. कुलरच्या टाकीत पांढरा थर किती जमतो ते तुम्हाला माहीतच आहे. तोच थर कॉइलवर बसतो, आणि तो ब्रशने निघत नाही. मी असे दोन उन्हाळे चाललेले कॉइल पाहिलेत, चुन्याने सारवल्यासारखे. वडील आजारी आहेत, आजचा दिवस काढायचाय, तर ताटी एक फूट लांब उभी करा, टेकवू नका. कायमचा उपाय म्हणून नको.

सावलीचंही तसंच. हिरवी नेट वरून, मोकळी ताणली तर चांगली. चारही बाजूंनी गुंडाळली तर नुकसान. युनिटला ऊन लागण्यापेक्षा वारा न लागणं जास्त वाईट.

शारजाकर | १७ मे, रात्री ९:५०

आखातात १९ वर्षं आहे. इथे एसी घेताना आम्ही पाटीवर ‘टी-३’ बघतो. आंतरराष्ट्रीय चाचणीत टी-१ म्हणजे बाहेर ३५ अंश, टी-३ म्हणजे बाहेर ४६ अंश. भारतात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसीचं टनेज ३५ अंशांवर मोजलेलं असतं. म्हणजे विदर्भात मे महिन्याच्या दुपारी तुमचा दीड टन हा दीड टन राहतच नाही, आणि नेमका तेव्हाच स्लॅब सगळ्यात जास्त उष्णता खाली सोडत असतो. नवा एसी घ्यायची वेळ आलीच तर दुकानदाराला विचारा, बाहेर किती अंशांपर्यंत चालतो आणि ४६ ला क्षमता किती उरते. ताऱ्यांवरून हे कळत नाही. तो हिशोब वर्षभराच्या विजेचा, बाहेर २४ ते ४३ अंश धरून केलेला आहे.

कडुनिंब | १८ मे, सकाळी ८:३०

स्लॅबचा विषय निघालाच आहे तर गच्चीला पांढरा चुना मारून घ्या. मी स्वतः दरवर्षी मार्चमध्ये मारते. काम अर्ध्या दिवसाचं आहे, आणि रात्री छताला हात लावला की फरक कळतो. आणि एसी १८ वर ठेवू नका. खोली लवकर गार होत नाही, फक्त कॉम्प्रेसरला कधी उसंत मिळत नाही. २०२० च्या जानेवारीपासून नवे एसी सुरू होताना २४ वरच येतात ते याचसाठी. २५-२६ आणि छताचा पंखा मंद, बाबांनाही तेच मानवेल.

माळरान | १८ मे, दुपारी २:४०

काल संध्याकाळी वॉशिंग मशीन हलवलं, जाळी ब्रशने साफ केली. सुपात मावणार नाही एवढा कचरा निघाला. आज स्वयंपाकघरातलं थर्मामीटर घेऊन बसले आहे. काचा अर्ध्या बंद असताना युनिटच्या पाठीमागे ५७ अंश. काचा पूर्ण उघडल्यावर वीस मिनिटांनी ५०. बाहेर भिंतीच्या सावलीत ४४. एसी आज २:३५ ला बंद पडला, कालपेक्षा वीस मिनिटं उशिरा. आकडे बघून पटलं. उद्या शिफ्ट करतोय.

कॉइलवाला | १८ मे, दुपारी ३:२०

शिफ्ट करणाऱ्याला तीन गोष्टी विचारा, आणि तिन्हींचं उत्तर ‘हो’ आलं तरच हात लावू द्या. नळीतली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप आणलाय का? वजनकाटा आणलाय का? जुना गॅस नीट काढून घेणार का? व्हॅक्यूम न करता नुसता गॅस सोडून हवा बाहेर ढकलायची ही जुनी सवय आहे. नळीत हवा राहिली की ती द्रव होत नाही, कॉइलमध्ये जागा अडवते आणि दाब वाढवते. शिवाय आर-३२ थोडा ज्वलनशील आहे. कॉम्प्रेसर चालू असताना आत हवा ओढली गेली तर स्फोट होऊ शकतो. कामाच्या वेळी बाबांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि खिडक्या उघड्या.

पूर्वेची भिंत मिळाली तर उत्तम, दुपारी तिच्यावर सावली असते. पाठीमागे एक फूट, समोर मोकळं आकाश. गच्चीवर ठेवलंत तर स्लॅबवर टेकवू नका, दीड-दोन फूट उंच स्टँड घ्या.

माळरान | २३ मे, रात्री ९:१५

उशिरा लिहितेय, पण मुद्दाम चार दुपारी जाऊ दिल्या.

१९ तारखेला युनिट पूर्वेच्या भिंतीवर गेलं. मेकॅनिक नवा होता, पंप आणि काटा दोन्ही घेऊन आला. जुना गॅस काढून मोजला तर पाटीवर छापलेल्यापेक्षा ३४० ग्रॅम जास्त निघाला. कॉइलवाला भाऊ, तुम्ही नागपुरात बसून जे सांगितलं तेच काट्यावर दिसलं. मोजून परत भरला, वाढलेल्या पाइपपुरता थोडा जास्त, मॅन्युअलमध्ये बघून. फ्लेअर नटवर साबणाचा फेस लावून दाखवला, एकही बुडबुडा नाही. म्हणजे गळती कधी नव्हतीच. सगळा खर्च ४६०० रुपये. कॉम्प्रेसरसाठी मला १६००० सांगितले होते.

प्लगही तपासला. सॉकेटची एक पकड सैल होती, वायरमनने बदलून दिलं. वीजतंत्री, आभार.

काल दुपारी अकोल्यात ४५ च्या वर होतं. युनिटच्या पाठीमागे थर्मामीटर लावला, ४६. एसी २६ वर, पंखा एकवर, एकदाही बंद पडला नाही. वडील दीड ते चार गाढ झोपले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा दुपारी मीही त्यांच्या शेजारी आडवी झाले.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनीही त्यांची गॅलरी याच जानेवारीत काचांनी बंद केली आहे, आणि त्यांचा एसीही दुपारी दोनलाच बंद पडतो. त्यांच्याकडे उद्या गॅस भरायला माणूस येणार होता. त्याला थांबवायला सांगितलंय. सकाळी ब्रश आणि थर्मामीटर घेऊन खाली जाते, आकडे इथेच टाकीन.